पिशवीचं दूध आणि घरातून गेलेलं लोणी, ताक, खरवस

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्यातल्या एका घरी रोज दोन लिटर पिशवीचं दूध येतं. आजीच्या वेळी अशाच दोन लिटरमधून साय, लोणी, ताक, तूप सगळं निघायचं. आता साय कागदासारखी पातळ येते, घुसळून लोणी निघत नाही, ताक विकत आणावं लागतं आणि खरवस तर मुलांनी पाहिलेलाही नाही. हे डेअरीतल्या प्रक्रियेमुळे होतं, की दुधात भेसळ असते?

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका सहकारी दूध संघाच्या प्रक्रिया विभागात मी 28 वर्षं काम केलं. हा प्रश्न मला लग्नकार्यात, एसटीत, दवाखान्यात, सगळीकडे विचारला गेला आहे. आधी भेसळीचं सांगते. भेसळ होते, पकडलीही जाते, पण साय पातळ येणं आणि लोणी न निघणं ही तिची खूण नाही. अगदी शुद्ध, तपासलेल्या, नावाजलेल्या डेअरीच्या दुधाचंही हेच होणार. कारण तुमची आजी ज्याला दूध म्हणायची आणि पिशवीवर ज्याला दूध म्हटलेलं असतं, त्या दोन वेगळ्या वस्तू आहेत. दोन्ही कायदेशीर, दोन्ही चांगल्या, पण वेगळ्या.

आजीकडे गवळी म्हशीचं दूध घालत असणार. त्यात फॅट 6 ते 7 टक्के, म्हणजे लिटरमागे 60 ते 70 ग्रॅम स्निग्धांश. आज तुमच्याकडे येणारी पिशवी बहुधा टोन्ड दुधाची असेल. टोन्डसाठी नियम आहे 3 टक्के फॅट आणि 8.5 टक्के एसएनएफ, म्हणजे फॅट वगळून उरणारे घन घटक. लिटरमागे साधारण 31 ग्रॅम स्निग्धांश झाला. डबल टोन्ड घेत असाल तर 1.5 टक्का, म्हणजे जेमतेम 15 ग्रॅम. एकूण मालच निम्मा किंवा पाव आला, तर साय पूर्वीइतकी कुठून येणार? गणित इथेच अर्धं सुटतं.

हे कमी फॅटचं दूध आलं कुठून, तेही समजून घेण्यासारखं आहे. 1940 च्या दशकाच्या अखेरीस मुंबई फुगत चालली होती. दूध महाग होतं, गोठे वस्त्यांमध्येच होते आणि घाण प्रचंड होती. दारा खुरोडी यांनी मुंबईच्या दूध योजनेची घडी बसवली. 1949 मध्ये आरे कॉलनी उभी राहिली आणि शहरातल्या म्हशी तिकडे हलवायला सुरुवात झाली. टोन्ड दुधाची कल्पनाही त्यांचीच. म्हशीच्या 7 टक्के फॅटच्या दुधात पाणी आणि स्किम दुधाची, म्हणजे स्निग्धांश काढलेल्या दुधाची, पावडर घालून ते 3 टक्क्यांवर आणायचं. एका लिटरचे सव्वादोन लिटर होतात, लिटरमागे प्रथिनं जवळपास तेवढीच राहतात आणि किंमत गिरणी कामगाराच्या आवाक्यात येते. यात लबाडी नव्हती. ज्या घरात मुलांना दूधच मिळत नव्हतं, तिथे ते मिळू लागलं. 1963 च्या मॅगसेसे पुरस्कारात अमूलच्या त्रिभुवनदास पटेल आणि वर्गीज कुरियन यांच्याबरोबर खुरोडींचंही नाव आहे, आणि ते योग्यच आहे. पण त्याच वेळी शहरातल्या घराघरांतलं लोणी मात्र पिशवीबाहेर राहिलं.

आता उरलेलं अर्धं. लोक म्हणतात, "पाश्चराइज्ड दूध ना, म्हणून साय येत नाही." पाश्चरायझेशनचा यात काही दोष नाही, आणि हे मी जरा जोर देऊन सांगते. दूध 72 अंशांवर 15 सेकंद ठेवून लगेच थंड करतात. क्षयाचे, ब्रुसेलाचे जंतू मरतात. सायीवर याचा परिणाम नगण्य असतो. तुम्ही घरी दूध उकळता तेव्हा त्याहून कितीतरी जास्त उष्णता देता.

साय खाणारं यंत्र वेगळं आहे, त्याचं नाव होमोजिनायझर. दुधात स्निग्धांश बारीक गोळ्यांच्या रूपात तरंगत असतो. या गोळ्या साधारण 3 ते 5 मायक्रॉनच्या (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). म्हशीच्या दुधात गायीपेक्षा मोठ्या. स्निग्धांश पाण्याहून हलका, म्हणून वर येतो, आणि गोळी जितकी मोठी तितकी लवकर. दूध तापवून निवत ठेवलं की वर आलेला स्निग्धांश आणि पृष्ठभागावर जमणारी प्रथिनं मिळून साय धरते. होमोजिनायझरमध्ये हेच दूध प्रचंड दाबाने बारीक फटीतून ढकलतात. गोळ्या फुटून 1 मायक्रॉनच्या आसपास येतात आणि प्रत्येक तुकड्याभोवती केसीन या प्रथिनाचं नवं कवच बसतं. अशा गोळ्या वर येत नाहीत. दह्यात गेल्या तरी रवीने घुसळून एकमेकींना चिकटत नाहीत, कारण ते कवच आड येतं. म्हणजे स्निग्धांश दुधात असतोच, तुमच्या पोटात जातोही, पण वेगळा हाताला लागत नाही. डेअरी हे का करते? दूध दाट लागतं, चहा पांढरा होतो, पिशवीच्या आतल्या बाजूला मलई चिकटून राहत नाही आणि पहिल्या-शेवटच्या पेल्यात फरक पडत नाही. चहासाठी दूध घेणाऱ्या गिऱ्हाईकाला हेच हवं असतं, आणि शहरात बहुतेक दूध चहासाठीच जातं.

इथवर तुमच्या पातेल्यातलं झालं. पण माझ्या मते खरी गोष्ट पुढे आहे.

आपल्याकडचे दुधाचे पदार्थ सुटे सुटे कधीच नव्हते. दूध तापवलं की साय. साय विरजली की दही. ते घुसळलं की लोणी, आणि लोण्याखाली उरलं ते ताक. लोणी कढवलं की तूप, आणि तळाशी राहिली ती बेरी. तिच्यात गूळ-साखर घालून आम्ही भावंडं पातेलं खरवडत बसायचो. एका पातेल्यातून निघालेली ही साखळी. हिच्यात ताक कुणी 'बनवत' नसे, ते उरत असे. उरत असे म्हणून ते फुकट असे. शेजारची बाई तांब्या घेऊन आली तर तिला ते मिळे. 'ताकाला जाऊन भांडं लपवणं' ही म्हण तिथूनच आली. मागायला संकोच वाटावा, पण मिळणार याची खात्री असावी, अशी ती वस्तू होती.

डेअरीत ही साखळी पहिल्याच कडीला तुटते. दूध आलं की सेपरेटर त्याचे दोन भाग करतो, क्रीम आणि स्किम. क्रीमचं बटर आणि तूप होतं. स्किमपैकी थोडं पिशवीच्या दुधात परत जातं, थोड्याची पावडर होते. दह्याचं लोणी काढून ताक उरणं ही पायरीच नाही. त्यामुळे बाजारात 'ताक' म्हणून मिळतं ते बहुतेक वेळा पातळ केलेलं, फेटलेलं दही असतं, वर मीठ-जिरं. ते वाईट नाही, उन्हात बरं वाटतं. पण त्यात घुसळण झालेली नसते, लोण्याचे कण नसतात आणि लोण्याखालच्या ताकाची ती चव नसते. तुमच्या घरी ताक पाणचट लागतं त्याचं कारण हे.

गावात तर याहून वेगळं घडलं. माझी थोरली काकू खटाव तालुक्यात राहायची. तिच्याकडे एक म्हैस होती तेव्हा घरात ताकाचा डेरा असे. पुढे तीन संकरित गायी आल्या. सकाळ-संध्याकाळ दूध संकलन केंद्रावर, दर दहा दिवसांनी बिल. त्या बिलावर माझे दोन्ही चुलतभाऊ शिकले, हे मी कधीच विसरणार नाही. पण दूध मोजून घालायचं, फॅट आणि डिग्री (लॅक्टोमीटरवरचं माप) बसली पाहिजे, म्हणून घरात मागे राहायचं ते चहापुरतं. शेवटच्या वर्षांत तिच्या घरी मी जेवायला बसले तेव्हा पानात ताक होतं ते गावातल्या दुकानातून आणलेल्या पाकिटातलं. दूध त्याच पट्ट्यातलं, शंभर किलोमीटर जाऊन परत आलेलं. मला घास उतरेना. ज्या यंत्रातून ते आलं, त्या यंत्रावर मी स्वतः उभी राहत होते.

तुपाचं तसंच. डेअरीचं तूप शुद्ध असतं, यात मला शंका नाही. पण ते बहुधा ताज्या, न आंबवलेल्या क्रीमपासून निघतं. घरच्या लोणकढ्या तुपाचा वास विरजणातल्या जिवाणूंनी आधी तयार केलेला असतो, कढवताना तो खुलतो. क्रीमच्या तुपात तो कमी असतो. रवाळपणा हा मात्र शुद्धतेचा पुरावा मानू नका. तूप सावकाश निवलं तर रवा धरतं, झटकन थंड केलं तर गुळगुळीत राहतं. म्हशीच्या तुपाचा रवा मोठा असतो, एवढंच.

आता खरवस. दुधाच्या प्रक्रियेने ज्या पदार्थाला खरोखर दाराबाहेर उभं केलं, तो हा. व्यालेल्या जनावराच्या पहिल्या धारांचा चीक म्हणजे वेगळंच रसायन. साध्या दुधात प्रथिनं 3-4 टक्के, तर गायीच्या पहिल्या चिकात 14 टक्क्यांच्या घरात, आणि त्यातला मोठा भाग रोगप्रतिकारक प्रथिनांचा. ही प्रथिनं उष्णता लागली की घट्ट होतात. म्हणूनच खरवस काहीही न घालता थिजतो. आणि म्हणूनच तो डेअरीचा शत्रू. एकदा आमच्याकडे एका केंद्राच्या कॅनमधून चिकाचं दूध मिसळून आलं. तपासणीत सुटलं. पाश्चरायझरच्या प्लेटांवर त्याचा थर बसला, प्रवाह अडला आणि रात्रीची पाळी प्लेटा खोलून धुण्यात गेली. सकाळचं दूध शहरात दोन तास उशिरा पोचलं. कायद्यातही दुधाच्या व्याख्येतच लिहिलं आहे की ते चिकापासून मुक्त असलं पाहिजे. त्यामुळे व्यायल्यानंतर सुरुवातीचे काही दिवस त्या जनावराचं दूध केंद्रावर घेतच नाहीत.

पूर्वी हे दूध शेजारी वाटलं जाई. आमच्याकडे चीक विकत नसत. ज्या भांड्यातून जाई ते रिकामं परत येत नसे, त्यात चिमूटभर साखर किंवा मूठभर तांदूळ असत. गोठा गल्लीत होता, म्हणून खरवस शहरातही मिळे. गोठे शहराबाहेर गेले, मधे टँकर आला, आणि चिकाला टँकरमध्ये जागा नाही.

गंमत पाहा, चीक कमी झालेला नाही. संकरित गाय पहिल्या दोन-तीन दिवसांत वासराला पुरून उरेल इतका देते. वासराचा हक्क पहिला, यात तडजोड नाही: जन्मल्यावर पहिल्या एक-दोन तासांत त्याच्या पोटात चीक गेला पाहिजे, कारण वासरू स्वतःची प्रतिकारशक्ती घेऊन जन्मत नाही. पण ते झाल्यावरही बऱ्याच मोठ्या गोठ्यांवर उरलेला चीक वाया जातो, आणि इकडे शहरात चायना ग्रास आणि कंडेन्स्ड मिल्क घालून केलेल्या वड्या खरवस म्हणून विकल्या जातात. हा दोष यंत्राचा नाही. गोठा आणि गिऱ्हाईक यांच्यामध्ये छोट्या प्रमाणावर, थंड ठेवून चीक नेणारी सोय कुणी उभी केली नाही. संघात असताना मी दोनदा तसा प्रस्ताव दिला होता. रोजच्या लाखो लिटरच्या हिशेबात तो कुणाला मोठा वाटला नाही. आजही वाटतं, व्हायला हवं होतं.

खवा आणि बासुंदी यांची बाजू मिश्र आहे. भूम-कुंथलगिरीकडचा खवा, साताऱ्याचे कंदी पेढे, नृसिंहवाडीची बासुंदी हे टिकले, कारण तिथे दूध डेअरीकडे जाण्याआधीच कढईत पडतं. कोरडवाहू भागात, जिथे टँकर पोचत नव्हता, तिथे दूध टिकवण्याचा खवा हाच मार्ग होता. म्हशीच्या दुधाचा खवा वजनाच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढा पडतो, मऊ आणि रवाळ. गायीचा त्याहून कमी आणि चिकट. आपल्या भागात आता संकरित गायीचं दूध इतकं वाढलं आहे की चांगल्या खव्यासाठी म्हशीचं दूध मिळवणं हीच भट्टीवाल्याची मोठी अडचण. घरी होमोजिनाइज्ड दुधाची बासुंदी आटवलीत तर ती दाट होईल, गोड होईल, पण सायीचे पापुद्रे धरणार नाहीत. बासुंदीला होमोजिनाइज न केलेलं दूध लागतं ते त्यामुळेच.

श्रीखंडाने मात्र या व्यवस्थेत बाजी मारली. चक्का स्किम दुधाच्या दह्याचाही होतो, फडक्याऐवजी यंत्राने पाणी काढता येतं, क्रीम नंतर हवं तेवढं मिसळता येतं, साखरेमुळे टिकतं. डेअरीच्या कामाच्या पद्धतीत ते चपखल बसलं, म्हणून पाडवा-दसऱ्याचं पक्वान्न बारमाही झालं. जो पदार्थ स्निग्धांश वेगळा काढल्यावरही होऊ शकतो आणि चार दिवस टिकतो तो डबाबंद होऊन सगळ्यांना मिळतो, उरलेले मागे पडतात. ताजं पांढरं लोणी असंच मागे पडलं. मीठ नाही, आत ताकाचे थेंब, दोन-चार दिवसांत आंबतं. म्हणून दुकानात पिवळं खारं बटर.

आता तुम्ही काय करावं.

पिशवीचा रंग पाहू नका, प्रत्येक डेअरीचा वेगळा असतो. मागची बारीक अक्षरं वाचा. दोन गोष्टी शोधा: फॅट किती, आणि 'होमोजिनाइज्ड' हा शब्द आहे का. 6 टक्क्यांचं फुल क्रीम किंवा म्हशीचं, होमोजिनाइज न केलेलं दूध अजून मिळतं, वितरकाला सांगून ठेवावं लागतं. घरचं रोजचं दोन लिटर बदलायची गरज नाही. चहाला टोन्ड राहू द्या, अर्धा-एक लिटर सायीसाठी वेगळं घ्या. हिशेब मनात ठेवा: 8 लिटर म्हशीच्या दुधात सगळा मिळून अर्धा किलो स्निग्धांश असतो, आणि सायीतून तो सगळा निघत नाही. तेव्हा अर्धा किलो तुपासाठी त्याहून जास्त दूध लागलं तर निराश होऊ नका.

दूध पसरट पातेल्यात मंद आचेवर तापवा, उकळी आल्यावर पाच-सात मिनिटं तसंच राहू द्या, न ढवळता निववा आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी साय सबंध उचलून येते. साय साठवताना बहुतेक जण एक चूक करतात: आठ दिवस नुसती साठवतात आणि शेवटी विरजण घालतात. फ्रिजच्या थंडीत वाढणारे जिवाणू तोवर तिला कडवट करतात, आणि तो कडवटपणा तुपातही उतरतो. डब्याच्या तळाशी पहिल्या दिवशीच चमचाभर चांगलं दही घाला आणि रोजची साय त्यावर टाकत जा. घुसळायच्या आदल्या रात्री डबा बाहेर काढून ठेवा. लोणी येईना तर उन्हाळ्यात बर्फाचं पाणी, थंडीत कोमट पाणी थोडं थोडं. लोण्याखाली उरेल ते खरं ताक, आणि त्या दिवशी कढी करा.

परदेशात असलेल्यांचा प्रश्न बरेचदा येतो. तिथलं दूध जवळजवळ सगळं होमोजिनाइज्ड, त्याच्या मागे लागू नका. 35 टक्क्यांच्या वरचं हेवी क्रीम आणा, विरजण लावा, आंबल्यावर घुसळा. लोणी आणि ताक दोन्ही उत्तम येतं.

कच्च्या दुधाच्या मोहात मात्र पडू नका. कोल्हापुरात कट्ट्यावर म्हैस समोर पिळून धारोष्ण दूध देतात, त्याचा अभिमान मलाही आहे, पण लहान मुलं आणि गर्भवतींना ते उकळूनच द्या.

आणि खरवस. शहराबाहेरच्या एखाद्या गोठ्याशी ओळख ठेवा, गाय किंवा म्हैस व्यायला आली की सांगायला सांगा. वासराचं पोट भरल्यानंतरचा चीक मागा. तो लगेच फ्रीझरमध्ये ठेवलात तर बरेच दिवस राहतो. वितळवताना गरम पाणी वापरू नका, आतच गाठी होतात. कोमट पाण्यात भांडं ठेवा. पहिल्या दिवसाचा चीक असेल तर त्याच्या तिप्पट-चौपट साधं दूध, दुसऱ्या दिवसाचा असेल तर जेमतेम बरोबरीने, तिसऱ्या दिवसाचा असेल तर तसाच. गूळ किसून विरघळवा, गाळून घ्या, वेलची-जायफळ घाला. आधी वाटीभर वाफवून पाहा. रबरासारखं झालं तर दूध वाढवा, सैल राहिलं तर चीक. मग झाकण ठेवून मोठं भांडं वीस-पंचवीस मिनिटं वाफवा, आणि पूर्ण निवल्याशिवाय सुरी लावू नका.